फिलाडेल्फियाची हातोडी, पॅरिसचा तळवा

सांगलीत कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात जाऊन तिकोनी रबराची हातोडी मागा. दुकानदार "गुडघ्याची ना?" एवढंच विचारतो आणि काउंटरखालून काढून देतो. तिचं नाव टेलर हॅमर. फिलाडेल्फियातल्या जॉन मॅडिसन टेलर नावाच्या डॉक्टरनं ती १८८८ साली तिथल्या न्यूरॉलॉजिकल सोसायटीच्या, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या, मंडळींपुढे ठेवली. त्याआधी गुडघ्यावर ठोका मारायचा तो हाताच्या कडेनं, बोटांनी, नाहीतर स्टेथोस्कोपच्या कडेनं. टेलरची हातोडी बाकीच्यांनी वापरून पाहिली, हाताला बरी वाटली, आणि ती जगभर गेली. सव्वाशेहून जास्त वर्षांत तिच्यात फारसा काही फरक पडलेला नाही.

मी घरोघरी जाऊन पॅरालिसिसचे पेशंट बघणारी फिजिओथेरपिस्ट. आमच्याकडे पॅरालिसिस झाला असं कमीच म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. अशा घरात सकाळी दहाच्या आत बाबिन्स्की, येंड्रासिक, गॉवर्स ही सगळी मंडळी, म्हणजे त्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खुणा आणि तपासण्या, माझ्या वहीत येऊन गेलेली असतात. कॉलेजात या नावांमागची माणसं कुणी दाखवली नाहीत. 'बाबिन्स्की पॉझिटिव्ह म्हणजे काय' हे तोंडी परीक्षेत हमखास विचारायचे. बाबिन्स्की कोण, हे परीक्षकांना तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. कोविडमध्ये घरभेटी बंद पडल्या तेव्हा रिकामपणी मी या लोकांच्या मागे लागले, आणि तो नाद अजून सुटलेला नाही.

सुरुवात करते लंडनपासून, कारण ती गोष्ट मला अगदी आपल्या कामातली वाटते. जोहॅना आणि लुइसा चँडलर या बहिणींच्या आजीला अर्धांगवायू झाला. अशा रोग्याला कुठलंच हॉस्पिटल ठेवून घेईना, म्हणून नातींनी घरीच तिची सेवा केली. आजीनंतर या दोघींनी मणी आणि शिंपल्यांचे दागिने करून विकले, दोनशे पौंड जमवले, भाऊ एडवर्डला बरोबर घेतलं आणि लंडनच्या लॉर्ड मेयरला गाठलं. त्या मेयरला स्वतःलाही पक्षाघात होऊन गेला होता, त्यामुळे फार समजावून सांगावं लागलं नसावं. १८६० साली क्वीन स्क्वेअरमध्ये बायकांसाठी आठ खाटांचं हॉस्पिटल उघडलं. ज्याला जगभरचे न्यूरॉलॉजिस्ट नुसतं 'क्वीन स्क्वेअर' म्हणतात, ते हेच. आजीचं अंग पुसणाऱ्या, तिला कुशीवर वळवणाऱ्या नातींनी ते उभं केलं. पुढे तिथं डॉक्टर आले आणि मोठे झाले. त्यांची नावं खुणांना आणि रोगांना लागली. चँडलर बहिणींचं नाव कुठल्याच खुणेला नाही.

त्या डॉक्टरांतले सगळ्यात थोर म्हणजे जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन. १८६२ मध्ये ते तिथं रुजू झाले. झटका, म्हणजे फिट, आलेल्या माणसाकडे तोवर लोक 'आला झटका' म्हणून एकगठ्ठा बघत. जॅक्सननी विचारायला सुरुवात केली की झटका कुठून सुरू झाला? अंगठ्यापासून की ओठाच्या कोपऱ्यापासून की पायाच्या बोटापासून? तिथून तो कसा चढत गेला? या चढत्या वाटेवरून त्यांनी ताडलं की मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या हालचाली जागच्या जागी मांडलेल्या असणार. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी ते १८७० च्या दशकात पटवून दिलं. जॅक्सन यांच्या पत्नीलाच पुढे असे झटके येऊ लागले आणि १८७६ साली ती गेली. ज्या माणसानं अशा झटक्यांची इतकी बारीक नोंद ठेवली, त्याला घरात हे बघावं लागलं.

झटका कुठून सुरू झाला, हा प्रश्न आज मीही विचारते. तासगावकडच्या एका घरात मुलगा सांगत होता, "सगळं अंग थाडथाड उडत होतं, मॅडम." दारात उभी असलेली सून हळूच म्हणाली, "आधी डावा अंगठा उडत होता. मला वाटलं माशी बसली म्हणून हात झटकत्यात." मी ते तिच्याच शब्दांत कागदावर लिहून मिरजेला धाडलं. न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय लावण्याआधी तो कागद दोनदा वाचला, असं मुलानंच नंतर सांगितलं. घरातल्या कर्त्या माणसापेक्षा अशा वेळी सुनेला विचारावं, हा माझा अनुभव आहे. पेशंटच्या जवळ दिवसभर तीच असते.

या लोकांची सोसायटी नेमकं काय करायची, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. आपल्याकडे सोसायटी म्हटलं की निवडणूक, गटबाजी, वार्षिक सभा आणि जेवण. तेही असणारच. लंडनची न्यूरॉलॉजिकल सोसायटी १८८६ साली निघाली, जॅक्सन पहिले अध्यक्ष. १९०७ मध्ये ती रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये विलीनही झाली. म्हणजे स्वतंत्र संस्था म्हणून आयुष्य जेमतेम वीस-एकवीस वर्षांचं. पण तेवढ्यात एक पद्धत रुजली. तुम्हाला काही दिसलं असेल तर ते दुसऱ्यांसमोर दाखवा. पेशंट आणा, हातोडी आणा, ठोका मारून दाखवा. बाकीचे आपापल्या वॉर्डात जाऊन तेच करून बघणार. त्यांनाही तेच दिसलं तर ती खूण टिकली, नाहीतर तुमचा शोध तुमच्या खिशात. आज न्यूरॉलॉजीची तपासणी एका ठरावीक क्रमानं होते, आणि सांगलीतल्या फिजिओची नोंद मुंबईतल्या डॉक्टरला दुभाष्याशिवाय कळते, त्यामागे असल्या बैठका आहेत.

गुडघ्याचंच बघा. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर ठोका मारला की पाय उडतो, हे १८७५ मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे लिहिलं, तेही एकाच नियतकालिकात. एर्ब म्हणाले ही प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे ठोक्याची वार्ता मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येते. वेस्टफालना वाटत होतं की स्नायूच ताणला जाऊन आपोआप उडतो. एर्बचं खरं निघालं. पण वेस्टफालनी दाखवून दिलं की उपदंशामुळे मज्जारज्जू खराब झालेल्या रोग्यांत हा उडण्याचा प्रकार नाहीसा होतो, आणि हीच गोष्ट डॉक्टरांच्या रोजच्या उपयोगाची ठरली. पाय उडाला नाही तर खालच्या तारेत बिघाड, फार उडाला तर वरच्या, मेंदूकडच्या तारेत. एवढी मोठी विभागणी एका ठोक्यात. त्या काळी एक्स-रे सुद्धा नव्हता. तो आला १८९५ च्या शेवटी.

कधी कधी माणूस इतका अवघडून बसतो की ठोका मारून पाय उडतच नाही. बुधगावच्या एका आजींना मी म्हटलं, "आजी, पाय सैल सोडा." त्या म्हणाल्या, "सोडलाय की गं." आणि पाय लाकडासारखा ताठ. मग मी त्यांना दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी एकमेकांत अडकवायला लावली आणि सांगितलं, मी 'ओढा' म्हटलं की जोरानं ओढायचं. त्यांनी ओठ मुडपून ओढलं, त्याच क्षणी मी ठोका मारला आणि पाय असा उडाला की शेजारी बसलेला नातू खो खो हसायला लागला. "आजी, लाथ मारतीस का मॅडमला!" बुडापेस्टच्या एर्नो येंड्रासिकची ही युक्ती, १८८० च्या दशकातली. याच दशकात फिलाडेल्फियात वीअर मिचेल आणि मॉरिस लुईस यांनी अशा ताकद लावण्यानं गुडघ्याचा ठोका कसा वाढतो याचा कसून अभ्यास केला. मिचेल यांच्या हाताखाली काम करणाऱ्या टेलरला त्या दिवसांत चांगल्या हातोडीची गरज का वाटली असेल, ते वेगळं सांगायला नको.

माझ्याकडे दुसरीही एक हातोडी आहे. लांब दांड्याची, टोकाला गोल चकती. तिला क्वीन स्क्वेअर हॅमर म्हणतात आणि ती डॉक्टरनं बनवलेली नाही. त्याच हॉस्पिटलातल्या मिस विंटल नावाच्या परिचारिकेनं १९२५ च्या सुमारास बांबूच्या दांड्याला पितळी चाक बसवून, कडेला रबर लावून या हातोड्या तयार केल्या आणि तिथं शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांना विकल्या. चकतीच्या वजनानंच ठोका पडतो, मनगटाला जोर लावावा लागत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी हीच घ्यायला सांगते. टेलरची हातोडी हलकी. तिनं मारताना नवशिक्या मुली खिळा ठोकल्यासारखं मारतात.

आता तळवा. जोसेफ बाबिन्स्की, पोलंडमधून परागंदा झालेल्या आईबापांचा पॅरिसमध्ये वाढलेला मुलगा. उंच, अबोल. पॅरिसचे नामांकित न्यूरॉलॉजिस्ट शार्को यांचा शिष्य. शार्कोनं हिस्टेरियाचा केवढा गाजावाजा केला होता; लुळा पडलेला माणूस खरा लुळा की मनानं लुळा, हा पॅरिसमधल्या डॉक्टरांपुढचा रोजचा पेच. २२ फेब्रुवारी १८९६ रोजी बाबिन्स्कीनं तिथल्या बायोलॉजीच्या सोसायटीपुढे एक टिपण वाचलं. अठ्ठावीस ओळींचं. तळव्यावर टोचलं की निरोगी पायाची बोटं खाली वळतात, मेंदूकडून येणारी वाट बिघडलेल्या पायात ती उलट वर जातात. बस्स. अंगठ्याची ही हालचाल ठरवून, सोंग म्हणून करणं फार अवघड. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, पॅरिसची न्यूरॉलॉजिकल सोसायटी निघाली तेव्हा संस्थापकांत तोही होता.

मी ही तपासणी किल्लीच्या बोथट टोकानं करते. टाचेच्या बाहेरच्या कडेपासून वर, करंगळीच्या मुळाशी, तिथून वळून अंगठ्याकडे. सावकाश. शेतकऱ्याच्या तळव्याला भेगा आणि घट्टे असतात, तिथं जरा जोर द्यावा लागतो. बघायची ती पहिलीच हालचाल. नंतर पेशंट गुदगुल्या झाल्या म्हणून पाय ओढून घेतो, ती मोजायची नाही. वर्षाच्या आतल्या बाळात अंगठा वरच जातो आणि त्यात काळजीचं काही नसतं. तिथली वाट अजून पक्की झालेली नसते. माझ्या भाचीवर मी हे करून बघितलं तेव्हा माझी बहीण चिडली होती, ते सोडा.

या लोकांचे कार्यक्रम कोरडे नसत. १८८१ मध्ये लंडनला जागतिक वैद्यकीय परिषद भरली. स्ट्रासबुर्गचे गोल्ट्झ यांचं म्हणणं, मेंदूत असे वेगवेगळे कप्पे नाहीत. डेव्हिड फेरियर यांचं म्हणणं, आहेत. फेरियरनी मेंदूचा नेमका भाग काढलेलं एक माकड सभेपुढे आणलं. ते एका बाजूनं लंगडत चाललं तसे शार्को ओरडले, "हा तर पेशंट आहे!" मला ते वाचून हसू आलं आणि अंगावर काटाही आला. ती चाल मी रोज बघते. हात कोपरात मुडपलेला, पाय बाहेरून गोल फिरवत टाकलेला. त्या माकडाचं दुःख मात्र कुणाच्या भाषणात नव्हतं. प्राण्यांचा कैवार घेणाऱ्या लोकांनी फेरियरना पुढे कोर्टात खेचलं. तिथून ते सुटले.

आपल्याकडे ही परंपरा पोचली ती १९५० च्या आसपास. माँट्रियलला मेंदूचे सर्जन पेनफिल्ड यांच्याकडे शिकून आलेले जेकब चँडी १९४९ मध्ये वेल्लोरला आले. न्यूकॅसलला शिकलेले बी. राममूर्ती मद्रासला. हे दोन सर्जन आणि बलदेव सिंग, एस. टी. नरसिंहन हे दोघं, अशा चौघांनी १९५१ साली न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया काढली. एवढ्या मोठ्या देशात चौघं! पण सर्जन आणि फिजिशियन यांनी एकाच सोसायटीत बसायचं, हा त्यांचा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

मुंबईत १९५७ मध्ये इंग्लंडहून परतलेले नोशीर वाडिया जे. जे. हॉस्पिटलात रुजू झाले. तोल जाणारे, अडखळत बोलणारे पेशंट सगळेच बघत होते. वाडियांना त्यांच्यातल्या काहींच्या डोळ्यांत वेगळं दिसलं. तुम्ही आत्ता या ओळीवरून दाराकडे बघा. डोळे टुणकन उडी मारून तिथं जातात. या पेशंटांचे डोळे सावकाश सरकत जातात. डोळ्यांना उशीर होतो म्हणून काही जण आधी मानच वळवतात. नऊ कुटुंबांत हे आढळलं, आणि वाडिया-स्वामी यांचा तो लेख १९७१ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात आला. तेच 'ब्रेन', जे जॅक्सन, फेरियर आणि मंडळींनी १८७८ मध्ये सुरू केलं होतं. या आजाराचं जनुक सापडायला पुढे पंचवीसेक वर्षं गेली. त्याच १९७१ साली मुंबईत डोळे येण्याची प्रचंड साथ आली. डोळे बरे झाल्यावर काही जणांचे पाय पोलिओसारखे लुळे पडू लागले, आणि या दोन्हींचा संबंध जोडणाऱ्यांतही वाडिया होते. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. डोळ्यांची तपासणी मी अजून त्याच रीतीनं करते: एका हातात पेन, दुसऱ्या हाताचा अंगठा, आणि "इकडं बघा, आता झटकन तिकडं." खर्च शून्य.

आता ज्या माणसाशी माझं भांडण आहे त्याच्याकडे येते. सायलस वीअर मिचेल. अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन हॉस्पिटलात गोळ्यांनी नसा तुटलेले सैनिक त्यांनी तपासले. कापून टाकलेला पाय अजून जागेवर असल्यासारखा दुखतो, या प्रकाराला 'फँटम लिंब' हे नाव त्यांचं. मधुमेहानं पाय गमावलेले एक काका मला कानाशी येऊन विचारतात, "नसलेल्या पायाची बोटं वळून येत्यात, मला येड लागलंय का?" त्यांना वेड लागलेलं नाही हे मी ठामपणे सांगू शकते ते मिचेल यांच्यामुळे. इथवर माणूस थोर.

पण त्यांचीच 'रेस्ट क्युअर'. थकलेल्या, खचलेल्या रोग्यांना, त्यातही मुख्यतः बायकांना, सहा-आठ आठवडे अंथरुणात ठेवायचं. माणसांपासून तोडायचं, दूध आणि खाणं ठासून भरायचं, सुरुवातीला तर वाचायचं नाही, लिहायचं नाही, शिवायचं नाही, उठून बसायचंही नाही. शार्लट पर्किन्स गिलमन ही लेखिका १८८७ मध्ये या उपचारातून गेली, वेड लागायची वेळ आली आणि १८९२ मध्ये तिची त्यावरची जी कथा छापून आली ती अजून वाचली जाते. सोसायटीसमोर दाखवून घासून घेण्याची ती पद्धत इथं का कमी पडली? मला वाटतं, ठोका आणि तळवा कुणालाही पुन्हा करून बघता येतो. 'बाई विश्रांतीनं बरी झाली' हे मात्र डॉक्टरनंच सांगायचं आणि डॉक्टरांनीच ऐकायचं. बाईला विचारणार कोण?

आणि इथं माझीच पंचाईत होते. आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की स्नायू वितळतात, म्हणून मिचेल यांच्या उपचारात रोज मसाज आणि विजेचे झटके होते. ते करायला शिकलेल्या बायका लागू लागल्या. हा उपचार १८८० च्या दशकात इंग्लंडात पोचला तशी तिथं मसाज करणाऱ्यांची मागणी वाढली, आणि मसाजच्या नावाखाली नको ते धंदेही. १८९४ मध्ये वैद्यकीय पत्रिकेनं ते चव्हाट्यावर आणलं, तेव्हा चार परिचारिकांनी आपली सोसायटी काढली, ट्रेन्ड मॅसूझची, म्हणजे मसाजचं शिक्षण घेतलेल्या बायकांची. नियम कडक: डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मसाज नाही, इकडंतिकडं जाहिराती नाहीत. आजची ब्रिटनमधली फिजिओथेरपीची चार्टर्ड सोसायटी ती हीच. म्हणजे ज्या बेडरेस्टशी मी रोज भांडते, तिच्या पाठीवर बसूनच माझा धंदा घराघरांत शिरला. आपल्याकडे फिजिओथेरपीची पहिली शाळा मुंबईत केईएममध्ये १९५३ ला उघडली, तीही पोलिओच्या साथीनंतर. पण 'करंट लावा, मालिश करा' ही पेशंटची पहिली मागणी मला अजूनही १८८० चीच वाटते. व्यायाम सांगितला की तोंडं उतरतात.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. डाव्या अंगावरून वारं गेलेले एक तात्या, हॉस्पिटलातून घरी येऊन बरेच दिवस झालेले, बीपी ताब्यात. मी त्यांना पलंगाच्या कडेला बसवायला गेले तर थोरला मुलगा आडवा आला. "मॅडम, उठवू नगासा. डॉक्टरनी बेडरेस सांगितलाय. कागदावर हाय." कागदावर खरंच होतं. तात्यांची टाच लाल झालेली, खांदा खाली ओघळायला लागलेला. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, हा माणूस हळद काढायला शेतात जाईन म्हणत होता, म्हणून लिहिलं. पलंगावर बसायला मी कधी नाही म्हटलं?" मुलगा कागदाकडे बघत राहिला. तात्यांच्या तोंडाची उजवी बाजू हसली, आणि म्हणाले, "चला, बसवा."